राईपस्टॅट आणि राईप ॲटलास: इंदूरच्या टेबलावरून युरोपचं जाळं तपासताना

राईपस्टॅट आणि राईप ॲटलास ही इंटरनेटचं जाळं तपासायची दोन्ही साधनं फुकट आहेत, आणि फुकटच्या मानाने फारच चांगली आहेत. मात्र त्यांच्या पडद्यावर ‘देश’ म्हणून जे लिहिलेलं असतं, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवलात तर हमखास फसाल. पाचपैकी चार गुण. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

चालवते कोण, तर राईप एनसीसी. ॲमस्टरडॅममध्ये १९९२ पासून काम करणारी, डच कायद्याखालची सदस्यांची संस्था. युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियातल्या नेटवर्कांना आयपी पत्ते (इंटरनेटवरचे यंत्रांचे पत्ते) आणि एएस क्रमांक (नेटवर्कचा ओळख क्रमांक) तिच्याकडून मिळतात. आपल्याकडे ते काम आशिया-पॅसिफिकची एपनिक आणि तिच्याखालची भारतातली आयआरआयएनएन करते, त्यामुळे इंदूरच्या आयएसपीचा, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा, राईपशी पैशाचा व्यवहार नसतो. तिची मोजमापाची साधनं मात्र सगळ्या जगाला खुली आहेत आणि आकडे साऱ्या जगाचे आहेत. विजयनगरच्या एखाद्या कंपनीचा ग्राहक ल्विवमध्ये किंवा हेलसिंकीत बसून “तुमचं ॲप आज अडकतंय” म्हणाला, की दोष आपल्या सर्व्हरचा, वाटेतल्या केबलचा की तिकडच्या आयएसपीचा, हे घरबसल्या तपासायला दुसरं इतकं चांगलं खुलं साधन नाही.

साधनाआधी संस्था तपासायला हवी, कारण आकडे तिचे आहेत. २८ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनला पत्र लिहून रशियाचे टॉप-लेव्हल डोमेन (वेबपत्त्याची शेवटची अक्षरं, जसं .ru) रद्द करा आणि रशियातले रूट सर्व्हर (नावांचा शोध जिथून सुरू होतो ते) बंद करा, असं मागितलं. राईपकडे मागणी होती ती रशियन सदस्यांचे आयपी पत्ते काढून घेण्याची. दोघांनीही नकार दिला. देशांतर्गत वाद, आंतरराष्ट्रीय संघर्ष किंवा युद्ध यांमुळे लोकांच्या संपर्काच्या साधनांना धक्का लागू नये, अशी भूमिका राईपच्या कार्यकारी मंडळाने घेतली. नोंदवही ठेवणाऱ्याने निवाडे द्यायचे नसतात. तलाठ्याने सातबारा नीट ठेवावा, जमीन कुणाची असायला हवी होती ते ठरवू नये. पण हा तटस्थपणा कायद्याबाहेरचा नाही. युरोपीय निर्बंधांच्या यादीत एखादा सदस्य आला, की डच सरकारच्या मते आयपी पत्ते ही ‘आर्थिक संसाधनं’ ठरतात आणि राईपला त्याची नोंद गोठवावी लागते. नवे पत्ते बंद, हस्तांतरण बंद. आधी दिलेले पत्ते मात्र काढून घेतले जात नाहीत आणि नेटवर्क चालू राहतं. याचा अहवाल संस्था दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करते. म्हणून ‘रशियाचे पत्ते बंद केले’ अशी बातमी कानावर आली, तर आधी हा अहवाल उघडा.

आता राईपस्टॅट. खातं लागत नाही. शोधपेटीत आयपी, प्रीफिक्स (सलग पत्त्यांचा गट) किंवा एएस क्रमांक टाकला की राउटिंगचा म्हणजे वाटांचा इतिहास, आरपीकेआयची (कोणता प्रीफिक्स कुणी जाहीर करायचा हे तपासणाऱ्या व्यवस्थेची) स्थिती, तक्रारीचा पत्ता, सगळं एकाच पानावर येतं. त्यामागे राईपची आरआयएस ही यंत्रणा आहे. जगभरातले तिचे संग्राहक राउटरांशी बोलून बीजीपीच्या घोषणा (‘हे पत्ते माझ्याकडून गाठा’ असं नेटवर्कं एकमेकांना सांगतात त्या) १९९९ पासून साठवत आले आहेत. पूर्ण टेबल दर आठ तासांनी आणि बदल दर पाच मिनिटांनी फाइलमध्ये जातात.

ताकद बघायची असेल तर खेरसोन बघा. ३० एप्रिल २०२२ ला तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या युक्रेनच्या या शहराचं इंटरनेट बंद पडलं. १ मे ला परत आलं तेव्हा खेरसोनटेलिकॉमची, म्हणजे एएस ४७५९८ ची, वाट बदललेली होती: क्रिमियातली मिरांडा-मीडिया आणि तिच्यापुढे रशियाची रोसटेलिकॉम. काही दिवसांत ते नेटवर्क युक्रेनच्या वाटेवर परतलं आणि मे अखेरीस पुन्हा रशियाकडे वळवलं गेलं. हे स्वतः पाहायचं तर आधी एएस ४७५९८ टाकून घोषित प्रीफिक्सची यादी काढा आणि त्यातला एकच प्रीफिक्स निवडा. तो बीजीपीप्लेमध्ये, म्हणजे वाटांचे बदल चित्रात दाखवणाऱ्या राईपस्टॅटच्या भागात, घाला. कालावधी २९ एप्रिल ते २ मे २०२२, एवढाच. महिनाभराची खिडकी उघडलीत तर घटना इतक्या जमतात की ब्राउझर धापा टाकतो आणि चित्राचा सुतळीचा गुंता होतो. मग प्ले दाबा आणि एएस-पाथ (वाटेतल्या नेटवर्कांच्या क्रमांकांची रांग) उजवीकडून वाचा: सगळ्यात उजवा क्रमांक मूळ नेटवर्कचा, त्याच्या डावीकडचा त्याला जगाशी जोडणाऱ्याचा. त्या डावीकडच्या जागी २०१७७६ म्हणजे मिरांडा-मीडिया दिसलं, आणि त्याच्याही डावीकडे १२३८९ म्हणजे रोसटेलिकॉम, की वाट क्रिमियातून गेली. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. अर्ध्या चुका इथेच होतात: ग्राहक सांगतो “रात्री दोनला तुटलं” आणि आपण दोन यूटीसीचा आलेख बघत बसतो.

कापलेला गुणही इथलाच. वाट बदलली म्हणून नोंदवहीतला देश बदलत नाही. डेटाबेसमधला देशाचा रकाना पत्तेधारक स्वतः भरतो आणि बदलतो. ती जागा कुणाच्या ताब्यात आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. राईपस्टॅटची देशवार पानं नोंदणीच्या आधारावर पत्ते मोजतात. त्यामुळे वाट रशियातून जाणारं नेटवर्क युक्रेनच्या खात्यात खुशाल मोजलं जातं आणि देशवार आलेख सपाट राहतो. पानाच्या कोपऱ्यात बारीक टीप देण्यापेक्षा राईपने हे आलेखाच्या डोक्यावर लिहायला हवं होतं. तोवर नियम सोपा: देशाचं पान ढोबळ अंदाजापुरतं, निष्कर्ष एएस आणि प्रीफिक्सवरून.

आरपीकेआयचा भाग इंदूरच्या छोट्या आयएसपीला सर्वात उपयोगी. २८ मार्च २०२२ ला रशियाच्या आरटीकॉमने (एएस ८३४२) ट्विटरचा १०४.२४४.४२.०/२४ हा प्रीफिक्स आपला म्हणून जाहीर केला. हा प्रकार पाऊण तास चालला, पण फारसा पसरला नाही, कारण ट्विटरने आरओए (हा प्रीफिक्स कुणी जाहीर करायचा याची आरपीकेआयतली नोंद) केलेला होता आणि मोठ्या नेटवर्कांनी ती घोषणा अवैध म्हणून टाकून दिली. आपला प्रीफिक्स राईपस्टॅटमध्ये टाकून वैध, अवैध की अज्ञात ते बघा. नेहमीची चूक अशी: आरओए /२२ चा (म्हणजे चार /२४ एवढ्या पत्त्यांचा), कमाल लांबीही २२ (म्हणजे याहून लहान तुकडे चालणार नाहीत), आणि राउटरवरून जाहीर होतात चार /२४. मग आपल्याच घोषणा अवैध ठरतात. काही ठिकाणी साइट उघडते, काही ठिकाणी नाही, आणि तक्रार ‘वायफाय खराब’ अशी येते. उपाय म्हणून कमाल लांबी सरसकट २४ करून मोकळे होऊ नका. जे /२४ खरंच जाहीर करता, तेवढ्यांचेच आरओए करा. आणि आरओए जिथे करता त्या पोर्टलचा पासवर्ड जपा. ३ जानेवारी २०२४ ला स्पेनच्या ऑरेंजचं राईप खातं कुणीतरी ताब्यात घेऊन चुकीचे आरओए केले आणि तासन्‌तास तिथली वाहतूक कोसळली. दुहेरी पडताळणी नव्हती. राईपने ती सक्तीची केली ती त्यानंतर. आपल्याकडच्या पोर्टलवर ती सोय असेल तर आजच लावा. एकाच माणसाच्या वहीतला पासवर्ड ही सुरक्षा नव्हे.

राईप ॲटलास हा प्रकार वेगळा. २०१० मध्ये सुरू झालेलं हे जाळं हजारो स्वयंसेवकांच्या घरी आणि कार्यालयांत ठेवलेल्या प्रोबांचं, म्हणजे मोजमाप करणाऱ्या छोट्या यंत्रांचं, आहे. तुमचा एक प्रोब इतरांची मोजमापं करतो आणि बदल्यात क्रेडिट (आपली मोजमापं लावायला खर्चायचे गुण) कमावतो: मिनिटाला १५, म्हणजे दिवसाला २१,६००. खर्चाचा हिशेब असा. तीन पॅकेटांच्या पिंगला (समोरून उत्तर किती वेळात येतं ते बघायला) ३ क्रेडिट. दर चार मिनिटांनी लावलात तर एका प्रोबचे दिवसाला १,०८०. म्हणजे तुमच्या एका प्रोबच्या कमाईवर युक्रेन-पोलंडमधले बरोबर २० प्रोब दिवसभर पिंग करतील. ट्रेसराउट (वाटेतले टप्पे दाखवणारं मोजमाप) महाग, एका वेळचे ३०. दर १५ मिनिटांनी, ७ प्रोब, दिवसाला २०,१६०. आठवा प्रोब घेतलात की शिल्लक खायला लागता. एकदाच चालवायचं मोजमाप दुप्पट दराने पडतं. थांबण्याची वेळ भरायला विसरू नका, नाहीतर महिन्याभराने शिल्लक शून्य आणि नेमक्या गरजेच्या दिवशी काहीच मोजता येत नाही. निकाल कुणालाही दिसतात, तेव्हा ग्राहकाचा अंतर्गत सर्व्हर लक्ष्य म्हणून देऊ नका.

केबल तुटतात तेव्हा हे जाळं पैसा वसूल करतं. १७ आणि १८ नोव्हेंबर २०२४ ला बाल्टिक समुद्रात लिथुआनिया-स्वीडन आणि फिनलंड-जर्मनी (सी-लायन १) अशा दोन केबल तुटल्या. ॲटलासच्या मोजमापांत काही वाटांवर उशीर वाढलेला दिसला, पॅकेट मात्र हरवत नव्हती. वाहतूक दुसऱ्या वाटांनी निघून गेली होती. इंदूरला जास्त झोंबलं ते ६ सप्टेंबर २०२५ ला, जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबल तुटल्या तेव्हा. मुंबईहून युरोपला जाणारी आपली बरीच वाहतूक त्याच समुद्रातून जाते. अशा दिवशी मार्सेय किंवा फ्रँकफर्टचे पाच प्रोब निवडून आपल्या सर्व्हरकडे ट्रेसराउट लावा आणि दिवसाआधीचा मार्ग शेजारी ठेवा. मध्ये सिंगापूर उगवलं असेल तर वाहतूक पूर्वेकडून वळसा घालते आहे, सर्व्हर रिस्टार्ट करत बसण्यात अर्थ नाही.

मर्यादाही माहीत असाव्यात. मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघाने नियमन २०२२/३५० ने आरटी आणि स्पुटनिक या रशियन सरकारी माध्यमांवर बंदी घातली, पण अडवायचं कसं हे आयएसपींवर सोडलं. म्हणून परिणाम देशागणिक आणि आयएसपीगणिक वेगळा. ॲटलासमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याचं) मोजमाप घेऊन ‘प्रोबचाच रिझॉल्व्हर’ (प्रोब जिथे आहे तिथला नाव शोधून देणारा सर्व्हर) हा पर्याय निवडला तर नावाच्या पातळीवरचं अडवणं दिसतं. तो पर्याय विसरलात तर तुम्ही दिलेल्या रिझॉल्व्हरचं उत्तर मिळतं आणि सगळं आलबेल वाटतं. एचटीटीपी (वेबपान मागवणं) मात्र फक्त राईपच्या अँकरांकडेच (ॲटलासच्या मोठ्या, ठरलेल्या यंत्रांकडेच) मोजता येतं, त्यामुळे पान उघडतं की नाही हे ॲटलास सांगू शकत नाही. त्यासाठी ऊनी हे साइट अडवल्या जातात का ते तपासणारं साधन वापरा. दुसरं, प्रोब तुटला म्हणजे नेटवर्क तुटलं असं नाही. ऑक्टोबर २०२२ पासून युक्रेनच्या वीजयंत्रणेवर हल्ले सुरू झाले, तेव्हा घरातले प्रोब विजेअभावी बंद पडणार हे उघड होतं. त्या एएसच्या घोषणा राईपस्टॅटमध्ये चालू असतील तर दोष विजेचा धरा.

स्वतःचा प्रोब लावायचा असेल तर हार्डवेअरच्या अर्जाची वाट बघू नका. सॉफ्टवेअर प्रोब पुरतो. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून घेतलेला जुना थिन क्लायंट (छोटा संगणक) किंवा रास्पबेरी पाय, त्यावर डेबियन लिनक्स. पॅकेज टाका, तयार झालेली सार्वजनिक की ॲटलासच्या अर्जात चिकटवा, एएस क्रमांक भरा. राउटरवर पोर्ट उघडावा लागत नाही. प्रोब स्वतःहून बाहेर टीसीपी ४४३ वर जोडतो, म्हणून सीजीनॅटमागेही (आयएसपीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असला तरी) चालतो. वायफायवर ठेवू नका, नाहीतर मोजाल ते भिंतींचं मोजमाप. राउटर आणि प्रोब दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. जुना टीपी-लिंकवाला तिसऱ्या पिढीचा प्रोब कुणाकडून मिळाला आणि तो जोडणी घेत नसेल, तर बहुधा त्याची यूएसबी काडी बिघडलेली असते: वीज बंद, काडी बाहेर, वीज चालू, दहा मिनिटं थांबा, काडी परत लावा. तरीही नाही चालला तर नवी काडी. आणि आयएसपी बदललात तर पानावरचा एएस क्रमांक बदलला का ते नक्की बघा. नाहीतर तुमच्या प्रोबचे आकडे जुन्या आयएसपीच्या नावावर चढत राहतील.