विटांची टाकी, तयार टाकी की दोन शोषखड्डे?

गावाकडे घर बांधायला काढलं की टाइल्सवरून महिनाभर खल होतो. संडासाचं पाणी कुठे जाणार, हे मात्र गवंडी ठरवतो, तेही खड्डा खणायच्या दिवशी सकाळी. "दहा बाय पाचची टाकी मारू, भाऊ. पन्नास वर्षं बघायला नको." आपण मान डोलावतो, कारण शेजारचे अण्णा कौतुकाने सांगत असतात की त्यांची टाकी तीस वर्षांत एकदाही उपसलेली नाही.

अण्णांच्या टाकीबद्दल मला शंका आहे. सेप्टिक टाकी वापर सुरू झाला की थोड्याच दिवसांत पाण्याने भरते आणि पुढे कायम भरलेलीच असते. जेवढं आत येतं, तेवढंच पलीकडून बाहेर पडून शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी मातीत जिरवणाऱ्या खड्ड्यात, जातं. तळाशी गाळ साचत जातो आणि तो दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी तर दर तीन वर्षांनी वेळापत्रक लावून टाक्या उपसण्याची पद्धत घातली. तीस वर्षं न उपसलेली टाकी म्हणजे एक तर तळ गळतोय, नाहीतर गाळ सरळ गटारात चाललाय.

ड्रेनेज लाइन नसेल तर तुमच्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात: विटांची बांधीव टाकी, प्लास्टिकची किंवा फायबरची तयार टाकी, आणि टाकीशिवाय नुसते दोन शोषखड्डे. तिन्ही चांगल्या चालतात आणि तिन्ही वाईटही चालतात. फरक जमिनीचा आणि बांधणाऱ्याच्या हाताचा.

बांधीव टाकी आपल्याकडे सर्रास होते आणि सर्रास बिघडते. मोठी बांधली म्हणजे चांगली, असं नसतं. न्हाणीचं पाणी वेगळं काढलं असेल, तर पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाणी राहील एवढी टाकी पुरते. म्हणजे साधारण पाच फूट बाय अडीच फूट. मधली भिंत दोन-तृतीयांश लांबीवर. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा दोन इंच खाली. आणि दोन्ही पाइपांच्या तोंडाला टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा पाइपचा तुकडा. पाण्यावर साय धरते, खाली गाळ बसतो, मधलं पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं. टीचं तोंड सायीखाली बुडालेलं असलं की तेच मधलं पाणी बाहेर जातं. टी नसेल तर साय थेट शोषखड्ड्यात जाते, मातीची भोकं बुजतात आणि दोन पावसाळ्यांत अंगणात वास सुटतो. टी म्हणजे किरकोळ किमतीचा तुकडा, पण गवंडी घाईत असला की पहिला तोच वगळला जातो.

आमच्या टाकीचा गिलावा झाल्यावर मी ती नळाच्या पाण्याने भरून घेतली आणि भिंतीवर खडूची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी चार बोटं खाली. मिस्त्री म्हणाले, "नवीन गिलावा पाणी पितोच." खरं आहे, पितो. पुन्हा रेघेपर्यंत भरलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीन बोटं खाली. मग मात्र पाणी उपसून पाहिलं, तर तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे वाटाच, म्हणजे कोपऱ्यातली सिमेंटची गोलाईच, मारलेला नव्हता. सरळ कोपरा, आणि त्यात केसाएवढी चीर. वाटा मारून, सिमेंटची नीरू फिरवून (वरून गुळगुळीत घोटून) पुन्हा भरली, तेव्हा रेघ जागची हलली नाही. दोन दिवस काम थांबलं, मिस्त्री रुसले. माती लोटल्यावर हे कधीच कळलं नसतं.

तयार टाकीत ही भानगड नाही. ती कारखान्यातून येते, जागेवर गिलावा करायचा नाही, एका दिवसात बसते. म्हणूनच लोकांना वाटतं की तिला कारागिरी लागत नाही. माझ्या मेहुण्याने खाडीकाठच्या घराला १,५०० लिटरची टाकी मे महिन्यात बसवली, आजूबाजूला डबरासकट माती लोटली आणि घर बंद करून मुंबईला आला. जुलैत भूजल वर चढलं आणि टाकी पाइप मोडून जमिनीबाहेर डोकावली. रिकामी १,५०० लिटरची टाकी पूर्ण पाण्यात असली तर तिला जवळपास दीड टनाची उचल लागते. वरची हातभर माती तिला काय रोखणार? अशी टाकी खाली काँक्रीटचा थर देऊन त्याला बांधावी लागते, भोवती दगड नसलेली वाळू किंवा मुरूम भरावा लागतो, आणि जसजसं बाहेर भराल तसतसं आत पाणी भरत न्यावं लागतं. घर वर्षातले दहा महिने बंद असेल, तर उपसल्यावर लगेच पाणी भरून ठेवायचं.

दोन शोषखड्डे हा पर्याय लोक गरिबांचा समजून टाळतात, आणि मला तो अन्याय वाटतो. साधारण मीटरभर व्यासाचे, मीटरभर खोल दोन खड्डे, मध्ये वाय चेंबर, म्हणजे इंग्रजी Y सारखे दोन फाटे असलेला छोटा हौद, ज्यातून मैला एका वेळी एकाच खड्ड्यात सोडतात. एक भरला की दुसरा सुरू, पहिला किमान दीड वर्ष झाकून ठेवायचा. आत कोरडं, बिनवासाचं खत मिळतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे तेव्हाचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरून खत काढून आले. उपसा गाडी जिथे पोहोचत नाही, तिथे याला तोड नाही. पण चेंबरमध्ये एक तोंड बंद केलेलं नसेल, तर दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि सगळी योजना बुडते. काही ठिकाणी मी तळाला काँक्रीट केलेले आणि भिंतीला एकही फट न ठेवलेले शोषखड्डे पाहिलेत. मजबुतीच्या नावाखाली!

आता निवड. कोकणात जांभा असेल, विहीर जवळ असेल आणि पावसाळ्यात पाणी जमिनीच्या जवळ येत असेल, तर मैला सरळ घेणारे दोन शोषखड्डे नकोत. जांभ्याच्या भोकांतून पाणी फार लवकर विहिरीकडे जातं. तिथे बांधीव टाकी, आणि तिचं निवळ पाणी जिरवणारा शोषखड्डा विहिरीपासून निदान ६० फूट लांब. देशावर मुरमाड जमीन आणि पाणी खोल असेल, तर मी डोळे झाकून दोन खड्डे सांगेन. काळी माती सगळ्यात त्रासाची. पावसात ती फुगते, पाणी शोषत नाही आणि उन्हाळ्यात भेगाळून भिंतींना ओढते. तिथे तयार टाकी बरी, पण शोषखड्डा मोठा घ्या आणि भोवती वाळूचा जाड थर द्या.

पैसे चुकते करण्याआधी संडासापासून टाकीपर्यंतच्या पाइपचा उतार पाण्याच्या नळीने मोजून घ्या, दर चार फुटांना एक इंच. टाकीचं झाकण वरून दिसेल, सहज सापडेल असंच ठेवा. मेहुण्याने दुसऱ्या खेपेला टाकी नीट बसवली आणि वर पेव्हर ब्लॉक घातले. यंदा उपसा गाडी आली, तर झाकण कुठे आहे हे कुणालाच आठवेना. गाडीवाला निघायच्या घाईत होता, पोरं पहारीने ठोकून आवाज ऐकत फिरत होती, आणि मेहुणा मला फोनवर विचारत होता की तू तेव्हा फोटो काढला होतास ना.