लाकडी कुंपणाच्या उभ्या पट्ट्या: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

कुंपणाचे खांब आणि आडव्या पट्ट्या दोन शनिवार-रविवारांत उभ्या राहिल्या. खरा वेळ खाल्ला तो उभ्या पट्ट्यांनी. काम संपलं त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. आता अकरा महिने झालेत, कडक ऊन आणि एक अख्खा पावसाळा या कुंपणानं काढलाय, म्हणून आत्ता लिहितोय.

लाकूड पाइनचं, तांबं असलेलं संरक्षक द्रावण दाबानं आत मुरवलेलं. पुढची बाजू उघडी ठेवली: 90 मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्या आणि मध्ये 60 मिलीमीटर मोकळी जागा. मागची बाजू आडोशाची, 140 मिलीमीटरच्या फळ्या एकीला एक भिडवून.

मागच्या बाजूचं आधी सांगतो, कारण फसलो तिथेच. फळ्या दोन खेपांत आल्या. पहिल्या खेपेतल्या इतक्या ओल्या होत्या की स्क्रू आत जाताना भोकाच्या कडेनं पाणी वर यायचं. त्या घट्ट भिडवून लावल्या. तीन महिन्यांत दोन-दोन फळ्यांमध्ये पाच मिलीमीटरच्या आसपास फट पडली. लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे वरची ओळ मात्र जशीच्या तशी सरळ आहे. एवढ्या फटीनं आडोसा काही जात नाही, उलट वारा खेळतो.

दुसरी खेप महिनाभर छपराखाली रचलेली होती, चांगली वाळली होती. त्या फळ्याही मी तशाच भिडवल्या. ही चूक झाली. पावसात त्या फुगल्या, सरकायला जागा नव्हती, आणि मधल्या दोन फळ्यांना आडव्या पट्टीवरचा स्क्रू ओढून घेत पोट आलं. तो सगळा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, खोलून पुन्हा लावावा लागला. या वेळी प्रत्येक दोन फळ्यांमध्ये 4 मिलीमीटरचा जाड खिळा उभा धरून अंतर ठेवलं. शेवटची फळी बसण्यासाठी तासून अरुंद करावी लागली. तेव्हापासून काही हललेलं नाही. म्हणजे ओली फळी भिडवून लावा, वाळलेली फट ठेवून. फळी हातात घेतली की वजनावरूनच ओली-वाळलेली कळते.

पुढच्या बाजूला लाकडाचा 60 मिलीमीटरचा ठोकळा कापून घेतला आणि प्रत्येक पट्टी त्याला टेकवून लावली. 2400 मिलीमीटरच्या गाळ्यात 90 आणि 60 मिळून बरोबर 16 पट्ट्या बसतात, हे कागदावर. प्रत्यक्षात खांब तंतोतंत कुठे येतात? एका गाळ्यात 40 मिलीमीटर जास्त निघाले. ते शेवटच्या फटीत ढकलले असते तर रस्त्यावरूनही दिसलं असतं. 16 फटींत वाटले तर एकेकीला अडीच मिलीमीटर, ते कुणाच्या डोळ्यात येत नाही. त्या गाळ्यापुरता वेगळा ठोकळा कापला. मात्र ठोकळ्यावर आंधळा विश्वास टाकू नका. पट्टी केसभर तिरकी बसली की पुढची तिच्याहून तिरकी बसते, म्हणून दर चौथ्या पट्टीला ओळंबा लावत होतो. वरच्या टोकांसाठी खांबापासून खांबापर्यंत सूत ताणलं. जमीन उतरती आहे तिथे आडव्या पट्ट्या उताराबरोबर गेल्या, पण उभ्या पट्ट्या ओळंब्यातच ठेवल्या.

स्क्रूबद्दल मी फार आग्रही झालोय. बहुतेक ठिकाणी गरम जस्तात बुडवलेले 50 मिलीमीटरचे वापरले. पट्टी 18 मिलीमीटर जाड, म्हणजे 32 मिलीमीटर आडव्या पट्टीत जातात. प्रत्येक जोडावर दोन, आणि टोकाजवळच्या जोडांना आधी बारीक भोक पाडून, नाहीतर लाकूड चिरतं. शेवटी आठ पट्ट्यांना स्क्रू कमी पडले, तेव्हा घरात पडलेले पातळ मुलाम्याचे साधे लावले. द्रावणातलं तांबं असा मुलामा लवकर खातं. सहाव्या महिन्यात त्या आठही पट्ट्यांवर प्रत्येक स्क्रूखाली गंजाचा ओघळ होता, आणि तो घासून जात नाही. डोकं लाकडाच्या पातळीतच थांबवा. ड्रिलच्या जोरावर जिथे ते खोल गेलं, तिथे खळग्यात पाणी साचून भोवती काळपट कडं आलंय.

खालची टोकं जमिनीपासून 50 मिलीमीटर वर आहेत. लाकूड पाणी ओढतं ते मुख्यतः कापलेल्या टोकातून. शिवाय द्रावण गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं, त्यामुळे करवत लागली की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. कापलेल्या प्रत्येक टोकाला ब्रशनं संरक्षक लावत गेलो. एका कोपऱ्यात ते राहिलं, त्यातच पावसानं माती वाहून येऊन पट्ट्यांना टेकली. परवा तिथली एक पट्टी खालून चाचपली. नख सहज रुतलं, लाकूड ओलसर स्पंजासारखं. शेजारची, टोकाला संरक्षक लावलेली पट्टी त्याच मातीत टेकून होती, तरी टणक आहे.

रंग लावलेला नाही. पाण्याचे थेंब वर राहण्याऐवजी जिरायला लागले तेव्हा, म्हणजे तिसऱ्या महिन्यात, लाकडात मुरणाऱ्या तेलाच्या स्टेनचा हात दिला. उन्हाकडची बाजू आता करडी पडायला लागलीय, सावलीतली अजून मधाळ आहे.

कोपऱ्यातली माती कालच खरवडून काढली. मऊ पट्टी बदलायची आहे, आणि ते आठ पट्ट्यांचे स्क्रूही. या वेळी स्टेनलेस स्टीलचे आणलेत, मोजून दहा जास्त.