एटॉप: रात्री तीनला मेमरी कोणी खाल्ली, ते सकाळी सांगणारं टूल

रात्री तीनला मेमरी भरते, कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणारी यंत्रणा, डेटाबेस मारतो, आणि सकाळी लॉगिन करून एचटॉप (चालू प्रोसेस दाखवणारं टूल) उघडावा तर सगळं हिरवंगार. एचटॉप दिसायला देखणा, वापरायला सोपा, पण त्याला फक्त आत्ताचं कळतं. एटॉप दिसायला रुक्ष आहे, मात्र तो नोंदी ठेवतो. लिनक्स सर्व्हरवर मेमरीचा माग काढायला आमची पहिली पसंती त्यालाच.

डेबियन-उबुंटूवर एपीटीने येतो, रॉकी-अल्मावर आधी ईपेल ही जादा पॅकेजांची रिपॉझिटरी लागते. सर्व्हिस चालू आहे ना, हे सिस्टिमसीटीएलने पाहून घ्या. नोंदी व्हार-लॉगमधल्या एटॉप फोल्डरात पडतात, दिवसाला एक फाइल.

आता पहिली तक्रार. मूळ सेटिंगमध्ये दर 600 सेकंदांनी एक नोंद होते. दहा मिनिटांत पीएचपीची एखादी वेडी स्क्रिप्ट दोन जीबी खाऊन मरूनही जाते, नोंदीत तिच्या मेमरीचा पत्ता नाही. कॉन्फिग फाइलमध्ये (डेबियनवर ईटीसी-डीफॉल्टमध्ये, रॉकीवर ईटीसी-सिसकॉन्फिगमध्ये) लॉगइंटरव्हल 60 करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. डिस्क साधारण दहापट लागेल, म्हणून 28 दिवसांऐवजी सात दिवसांच्याच नोंदी ठेवा. त्याच फाइलमध्ये लॉगऑप्ट्सला उणे मोठा आर (-R) आहे का तेही बघा. नसेल तर पीसाइझच्या रकान्यात खरा आकडा येत नाही, आणि खरी मजा त्याच रकान्यात आहे.

कारण आरसाइझ (प्रोसेसने रॅममध्ये धरलेली मेमरी, सामायिक धरून) फसवतो. पोस्टग्रेसला दोन जीबी शेअर्ड बफर्स (सगळ्या कनेक्शनांची सामायिक मेमरी) दिले असतील, तर बराच वेळ चाललेलं प्रत्येक कनेक्शन तेच दोन जीबी आपल्या नावावर दाखवतं. चाळीस कनेक्शनची बेरीज आठ जीबीच्या मशीनवर ऐंशीच्या घरात जाते आणि नवखा माणूस पोस्टग्रेसला शिव्या घालतो. पीसाइझमध्ये सामायिक मेमरी वाटणाऱ्यांत विभागली जाते, म्हणून तीच बेरीज धरायची. पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएमचंही तसंच: सरासरी पीसाइझ 60 एमबी आणि पीएचपीसाठी 1200 एमबी मोकळी असेल, तर मॅक्स चिल्ड्रन (एकाच वेळच्या प्रोसेसची कमाल संख्या) 20. कुठून तरी कॉपी केलेला 50 चा आकडा दोन जीबीच्या मशीनला गर्दीत झोपवणारच.

कालची नोंद उघडायला लहान आर पर्यायापुढे नुसतं वाय लिहायचं, परवाची हवी तर दोन वाय. आत बी दाबून वेळ द्या, एम दाबून मेमरीचा तक्ता आणा, लहान टीने पुढे, मोठ्या टीने मागे सरका. नजर आरग्रोवर (दोन नोंदींमधली रॅमची वाढ) ठेवा. मेमरी दर नोंदीत थोडीथोडी वाढतेय आणि कधीच उतरत नाही, तर गळतीचा संशय घ्या. एकाच नोंदीत उडी असेल तर त्या वेळचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) किंवा बॅकअप तपासा.

वरच्या ओळींमध्ये कॅश (डिस्कवरच्या फाइलींची रॅममधली प्रत) मोठा दिसला म्हणून घाबरू नका, कर्नल तो गरजेला सोडतो. (कॅश जबरदस्तीने रिकामा करणारं ड्रॉप कॅशेस क्रॉनमध्ये टाकणाऱ्यांना आमचा कोपरापासून नमस्कार.) अपवाद शेअर्ड मेमरी आणि टीएमपीएफएसचा (रॅममध्येच राहणारी फाइलसिस्टिम): ते कॅशमध्येच मोजलं जातं, पण फार तर स्वॅपमध्ये जातं, आपोआप मोकळं होत नाही. खरी अडचण पीएजी ओळीत कळते. स्विन आणि स्वाउट (स्वॅपमधून आत येणारी, स्वॅपकडे जाणारी मेमरी) नोंदीमागून नोंद हलत असतील, तर मेमरी खरंच कमी पडतेय.

सगळ्या प्रोसेसची बेरीज थोडी, स्लॅब (कर्नलची स्वतःची मेमरी) मात्र फुगलेला, असं दिसलं तर एटॉप हात टेकतो. स्लॅबच्या पोटात काय आहे ते स्लॅबटॉपलाच विचारावं लागतं. लाखो छोट्या फाइलींच्या सर्व्हरवर बहुतेक वेळा डेंट्री आणि आयनोड (फाइलींची नावं आणि माहिती यांच्या कर्नलने ठेवलेल्या प्रती) निघतात. दोन नोंदींच्या मधे कोण मारलं गेलं, यासाठी जर्नलसीटीएलमधले कर्नलचे संदेश पाहावेत.

एक गोष्ट टाळू नये. 2025 च्या मार्चमध्ये एटॉपमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली: जीपीयूची माहिती घ्यायला तो न विचारता एका लोकल पोर्टला जोडून घेत असे, आणि तिथे दुसऱ्याच कोणी ठाण मांडलं असेल तर चुकीच्या डेटाने त्याची मेमरी बिघडवता येत असे. 2.11.1 मध्ये ही सवय मोडली. तुमच्या डिस्ट्रोने जुन्या आवृत्तीतच पॅच घातला असू शकतो, म्हणून आकड्यावर न जाता पॅकेजचा चेंजलॉग वाचा.

पाचपैकी चार. एक गुण त्या 600 सेकंदांचा कापला.