पुलगावच्या मास्टरांनी बांधलेला बाबांचा मेडल-बार

माझे वडील महार रेजिमेंटमध्ये 1967 ते 1988 अशी एकवीस वर्षे होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते गेल्यावर त्यांची सहा मेडल्स लोखंडी पेटीतून काढून आम्ही एका फ्रेमवाल्याकडे दिली. त्याने पश्चिमी स्टार (1971 च्या युद्धात पश्चिम आघाडीसाठी मिळालेले मेडल) तारेच्या आकाराचा म्हणून मधोमध बसवला, दोन्ही बाजूंना गोल मेडल्स शोभेसाठी सारखी वाटून लावली, सगळी घासून चकचकीत केली आणि मागून गोंदाने चिकटवून टाकली. आम्हाला ती फ्रेम देखणीच वाटली होती. पुढे बाबांच्या पलटणीतले एक काका पोळ्याला घरी आले, भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि आईला एवढेच म्हणाले, "वहिनी, हे कोणी लावलं?" त्यांनीच मला वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या बाजारातील मेडल बांधणाऱ्या दुकानाचा पत्ता दिला.

पुलगावात दारूगोळा भांडार असल्यामुळे फौजी माणसांची वर्दळ नेहमीची आहे. दुकान लहान आहे, वर्दी शिवणे आणि मेडल बांधणे ही दोनच कामे तेथे होतात, आणि ते चालवणारे मास्टर स्वतः पलटणीत टेलर होते. मेडल्सना हात लावण्याआधी त्यांनी बाबांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक, मागितले. त्यातील नोंदी आणि प्रत्येक मेडलवर कोरलेला नंबर, हुद्दा व नाव त्यांनी भिंगातून जुळवून पाहिले. जी मेडल्स घासली गेली होती त्यांवरची अक्षरे पुसट झालेली पाहून ते खरोखर व्यथित झाले, कारण मेडल कोणाचे आहे हे सांगणारी ती एकच खूण असते. गोंद काढायला त्यांना दोन दिवस लागले, परंतु एकाही मेडलला नवा ओरखडा पडलेला नाही.

क्रमाबद्दल त्यांनी जे समजावले ते घरात फौजी माणूस असलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे मला वाटते. मेडल्सची ज्येष्ठता ठरलेली असते आणि ती छातीच्या मध्यापासून डाव्या खांद्याकडे उतरत जाते. म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाला ती डावीकडून उजवीकडे वाचता येते. त्याप्रमाणे पहिला पश्चिमी स्टार, त्यानंतर 1971 च्याच युद्धाचे संग्राम मेडल, मग रिबनवर 'जम्मू-कश्मीर' लिहिलेली धातूची पट्टी असलेले सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्धापनाचे मेडल, आणि शेवटी वीस व नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेची मेडल्स, असा बाबांचा बार, म्हणजे मेडल्स एका ओळीत अडकवण्याची पट्टी, आता बांधला आहे. प्रत्येक रिबन 32 मिलिमीटर रुंद असल्याने सहा मेडल्स शेजारी शेजारी लावली तर बार छातीवर मावत नाही. म्हणून मास्टरांनी ती एकावर एक किंचित चढवली, मात्र ज्येष्ठ मेडल पूर्ण दिसेल आणि झाकायचे ते कनिष्ठ मेडल झाकेल अशी काळजी घेतली.

फ्रेमच्या माथ्यावरील बिल्ल्याविषयीही त्यांनी भरतीचे साल विचारून घेतले. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर स्तंभाच्या जागी कट्यार आली आणि एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन विकर्स मशीनगन मात्र कायम राहिल्या. बाबांनी टोपीवर लावला तो कट्यारीचा बिल्ला, आणि तोच फ्रेममध्ये बसला आहे. खाली 'यश सिद्धि' ही रेजिमेंटची अक्षरे आहेत.

आईसाठी त्यांनी त्याच क्रमाचा एक वेगळा पिनेचा बार करून दिला. ज्याने मेडल कमावले तो ते डाव्या छातीवर लावतो आणि त्याच्या पश्चात घरच्यांनी लावायचे झाल्यास ते उजव्या बाजूला लावतात, हे त्यांनी आईला स्वतः समजावून सांगितले. या बारमध्ये नकली मेडल्स आहेत आणि तसे त्यांनी मागच्या कापडावर लिहूनही दिले आहे. अस्सल मेडल हरवले असेल तर ते दुकानातले मेडल त्याच्या जागी बसवत नाहीत, आधी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला (महार रेजिमेंटचे ते मध्य प्रदेशातील सागरला आहे) अर्ज करायला सांगतात. या एका गोष्टीसाठी मला त्यांचा विशेष आदर वाटतो.

उणीव सांगायची तर वेळेची. 1 ऑक्टोबरच्या स्थापना दिनाला आमच्या अंगणात परिसरातले माजी सैनिक जमतात, सोयाबीन काढणीची घाई असली तरी येतातच, आणि जेवणाआधी सगळे मिळून 'बोलो हिंदुस्तान की जय' म्हणतात. फ्रेम त्याआधी मिळेल असे ठरले होते, ती पाच दिवस उशिरा आली. मास्टरांचे म्हणणे असे की संग्राम मेडलच्या रिबनची छटा जुळत नव्हती आणि ती परत पाठवावी लागली. कारण पटण्यासारखे आहे, परंतु त्यांनी निरोप तरी द्यायला हवा होता. काच साधी आहे, तिच्यावर दाराचा उजेड पडला की रिबनचे रंग नीट दिसत नाहीत. थोडे अधिक पैसे देऊन चांगली काच मागून घ्यावी.

फ्रेम आणि दोन्ही बार मिळून मला 2200 रुपये पडले. जाताना डिस्चार्ज बुकची मूळ प्रत न्यावी, मेडल्स घरी अजिबात घासू नयेत, आणि तारीख गाठायची असेल तर किमान दीड महिना आधी काम द्यावे. पलटणीतल्या त्याच काकांनी दिवाळीला येऊन नवी फ्रेम पाहिली आणि पश्चिमी स्टारपासून एकेक मेडलचे नाव मोठ्याने घेत शेवटपर्यंत गेले.