विंडोज ११ : पत्रिका-झेरॉक्सच्या दुकानात आठ महिने

आय३-८१०० प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, विंडोज १० वरून फुकटात अपग्रेड. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांत असली मशिन पुष्कळ आहेत, म्हणून हा अनुभव त्याच मशिनचा. काम रोजचं: सकाळी उतारे आणि दाखल्यांचे अर्ज, दुपारनंतर मराठी-कन्नड लग्नपत्रिका, मध्येमध्ये स्कॅन नि प्रिंट. आठ महिन्यांनी मत असं की मशिन वेगवान झालं नाही, अपडेट मिळण्यापुरतं पात्र राहिलं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बदल करणं भाग होतं. पण "नवीन विंडोज टाकलं की कॉम्प्युटर पळतो" ही समजूत कुठून आली कोण जाणे. ८१०० मध्ये चार कोअर, चार थ्रेड, ३.६ गिगाहर्ट्‌झ, विंडोज बदलून यातलं काहीच वाढत नाही. प्रोसेसरला काम वाटून देण्यात विंडोज ११ ने जी खरी सुधारणा केली, ती मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असलेल्या, म्हणजे इंटेलच्या १२ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरसाठी. त्यातही गंमत बघा: स्वस्त म्हणून ज्यांचं कोटेशन मिळतं त्या आय३-१२१०० आणि आय५-१२४०० मध्ये छोटे कोअर नाहीतच. वाटणी करायला दुसरा प्रकारच नसेल तर सुधारणेचा उपयोग काय?

उलट खर्च वाढतो तो रॅमचा. मशिन सुरू करून काहीही न उघडता विंडोज १० दोन-अडीच जीबी घ्यायचं, ११ तीन ते साडेतीन घेतं. त्यावर ब्राउझरमध्ये कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू, भूमी या साइट आणि पलीकडच्या गिऱ्हाइकासाठी महाराष्ट्राचा सातबारा असे आठ-दहा टॅब, शिवाय पत्रिका मांडायचं कोरल आणि स्कॅनर. आठ जीबी तिथंच संपतात आणि उरलेला भार डिस्कवर जातो. डीडीआर४-२४०० ची आठ जीबीची दुसरी पट्टी टाकली की दोन चॅनल चालू होतात, म्हणजे प्रोसेसर दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी बोलतो. प्रोसेसरमधलंच यूएचडी ६३० ग्राफिक्स याच रॅमवर जगत असल्यामुळे मोठी पत्रिका झूम करताना येणारा अडखळाही कमी होतो. सगळ्या खटाटोपात वसूल झालेला खर्च हाच.

हार्ड डिस्कवर विंडोज ११ टाकूच नये. अँटिव्हायरस, सर्च इंडेक्स आणि अपडेट एकाच वेळी बारीक-बारीक फाइल वाचतात, आणि फिरत्या डिस्कला सेकंदाला शंभर-एक वाचनांपलीकडे झेपत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १५ टक्के दिसला की दोष प्रोसेसरला देऊ नका. साधी साटा एसएसडी पुरते.

मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे धोकादायक ड्रायव्हर आणि कोड अडवणारं विंडोजचं संरक्षण, हे दुसरं दुखणं. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन असं आत गेल्यावर हे बटण सापडतं. कोऱ्या इन्स्टॉलमध्ये ते सहसा आधीच चालू असतं. सातव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरमध्ये त्यासाठी हार्डवेअरची मदत आहे, त्यामुळे आठव्या पिढीच्या ८१०० वर भार थोडा. पण रूफस या इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रोसेसरची अट चुकवून सहाव्या पिढीच्या आय५ वर कोणी ११ टाकलं असेल तर तेच काम सॉफ्टवेअरला करावं लागतं आणि मशिन जड होतं. दुसरा फटका डोंगलला, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणाऱ्या यूएसबी कीला. जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरच्या डोंगलचा ड्रायव्हर या संरक्षणात लोड होत नाही, मग सॉफ्टवेअर "की सापडली नाही" म्हणतं आणि आपण यूएसबी पोर्ट बदलत बसतो. आधी नवा ड्रायव्हर शोधा. संरक्षण बंद करणं शेवटचा उपाय, कारण त्याच मशिनवर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो प्रिंटर शेअरिंगने. २२एच२ या २०२२ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ नेटवर्क प्रिंटिंगसाठी टीसीपी या पद्धतीने बोलतं, जुनी मशिन नेम्ड पाइप या जुन्या पद्धतीने. दुकानात एक ११ आणि दोन १० असतील तर ७०९ वर संपणारा एरर येतो. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीच्या प्रिंटर्स भागात आरपीसी लिसनर आणि आरपीसी कनेक्शन अशा दोन सेटिंग आहेत. प्रिंटर जोडलेल्या मशिनवर पहिली, बाकीच्यांवर दुसरी बदलावी लागते. होम आवृत्तीत ही पॉलिसी उघडतच नाही. त्यापेक्षा प्रिंटरला लॅन पोर्ट असेल तर राउटरमधून त्याला कायमचा आयपी पत्ता द्या आणि प्रत्येक मशिनवर टीसीपी/आयपी पोर्टने थेट जोडा. मधलं मशिन बंद असलं तरी प्रिंट निघते.

फाइल शेअरिंगचंही तसंच. २४एच२ या नंतरच्या आवृत्तीच्या प्रोमध्ये पासवर्डविना गेस्ट म्हणून फोल्डर उघडणं बंद आहे. फोल्डर असलेल्या मशिनवर पासवर्डचं वेगळं लोकल खातं करा आणि दुसऱ्या मशिनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ते साठवा.

पत्रिकावाल्यांसाठी फॉन्टची खोच वेगळी. कोऱ्या इन्स्टॉलमध्ये मंगल, कोकिला आणि कन्नडचा तुंगा नसतात. निर्मला यूआय तेवढा असतो. मंगलमध्ये केलेली जुनी फाइल उघडली की अक्षरांची रुंदी बदलते, ओळी खाली ढकलल्या जातात आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी आणि कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट उतरवून घ्या. टायपिंगची तक्रार नाही: मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड आतच आहेत, विंडोज-स्पेस दाबून बदलता येतात.

खानापूरकडे पावसात वीज जाते. लहान यूपीएसची पाच-दहा मिनिटं मोठ्या अपडेटला पुरत नाहीत, म्हणून ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे अपडेटसाठी मशिन आपोआप रीस्टार्ट होऊ नये ती वेळ, दुकानाच्या वेळेवर लावा आणि आभाळ भरलेलं असताना "अपडेट अँड शट डाऊन" दाबू नका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाचं, करा.

इन्स्टॉल करणाऱ्या पोराने स्वतःचा ईमेल टाकला असेल तर तेही बघा. कोऱ्या २४एच२ मध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊ शकते आणि ती उघडायची रिकव्हरी की त्याच्या खात्यात जाते.

परत फिरायचं असेल तर अपग्रेडनंतर दहाच दिवस "गो बॅक" मिळतं. तेही डिस्क क्लीनअपमध्ये जुन्या विंडोजचं फोल्डर उडवलं नसेल तर. जागा कमी पडली म्हणून तेच आधी उडवलं जातं. नंतर सगळं पुसून १० टाकावं लागतं, आणि त्याचे वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती खात्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत.

डोंगल आणि जुन्या फाइलींसाठी सहाव्या पिढीचं एक मशिन विंडोज १० वरच ठेवलं आहे. त्याची लॅन केबल काढलेली आहे. फाइल पेनड्राइव्हने जाते आणि स्कॅन करूनच परत येते.