दोन टोळ्यांच्या मधात शेठाणी: बरेच महिने खेळल्यावरचा अनुभव

शेठाणी म्हणजे टेबलाभोवती बसून, बोलून अन् फासे टाकून खेळायच्या गेममधलं माझं कॅरेक्टर, दोन्ही टोळ्यांना माल विकणारी एक व्यापारी बाई. आधीच सांगून देते, ज्याला फासा टाकून दणादण मारामारी पाहिजे त्यानं हे कॅरेक्टर घेऊ नये. पैसे वाया जाणार नाहीत, कारण सगळं फुकटच आहे, पण रात्री वाया जातील. मी पेरण्या आटोपल्यापासून तर कापूस घरी येईस्तोवर ही शेठाणी खेळून राहिली आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही. पण तक्रारीही आहेत, त्या पुढे येतीलच.

आमचं गाव हिंगणघाटकडचं. कृषी केंद्र मी अन् आमचे हे मिळून चालवतो, त्याच्या मागच्या गोदामात शटर अर्धं ओढून आम्ही बसतो. गेम चालवतात, म्हणजे गोष्ट सांगतात अन् बाकीची सगळी पात्रं सांभाळतात, आमच्या झेडपी शाळेचे गुरुजी. खेळणारे म्हणजे मी, एसटीत कंडक्टर असलेला माझा भाचा, जिनिंगवरचे मुनीम काकाजी, अन् वर्ध्याला इंजिनिअरिंगला असलेली शेजारची पोट्टी, ती आली तर. लाईट गेली तरी चालते, मोबाईलचा टॉर्च उलटा करून त्यावर पाण्याची बाटली ठेवली की सगळ्यांना दिसते.

नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सचे आहेत. हा गेम 1974 चा, अमेरिकेतला. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, ज्याला एसआरडी 5.1 म्हणतात, ते कंपनीनं जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ह्या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना मोकळे केले, म्हणून पीडीएफ उतरवून घेतली की झालं. इंग्रजी आहे, पण गुरुजी वाचून सांगतात. ड्रॅगन, जादूगार वगैरे त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकलं अन् म्हणाले आपण पेनांगमध्ये खेळू, साल 1867. मी म्हटलं गुरुजी, पेनांग कुठं आलं. तर मलायाच्या किनाऱ्याजवळचं बेट, 1786 मध्ये इंग्रजांनी ठाणं मांडलं, अन् त्याच 1867 च्या एप्रिलमध्ये सिंगापूर-मलाक्कासोबत ते थेट ब्रिटिश सरकारच्या हाताखाली गेलं, तोवर कारभार हिंदुस्थानातल्या सरकारकडून चालायचा. काकाजींनी लगेच भर घातली की त्याच वर्षी नागपूरला रेल्वे पोहोचली. काकाजींना कोणताही विषय द्या, ते कापसावर अन् रेल्वेवर आणतातच.

आता टोळ्यांबद्दल, कारण या कॅरेक्टरचा सगळा जीव तिथं आहे. गुप्त मंडळी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काळे कपडे घातलेले खुनी येतात. पेनांगातल्या चिनी लोकांच्या टोळ्या तशा नव्हत्या. घी हिन ही जुनी अन् मोठी, तोह पे काँग 1844 ची, होक्कियन म्हणजे दक्षिण चीनच्या फुजियान भागातल्या लोकांची. आत जायचं तर शपथा घ्याव्या लागायच्या, ह्या प्रकारच्या मंडळांत 36 शपथांची परंपरा, पण शपथ घेतल्यावर मिळायचं काय? परदेशात आलेल्या एकट्या मजुराला काम, भांडणात पाठीशी माणसं अन् मेल्यावर नीट अंत्यविधी. बिनओळखीच्या देशात मेल्यावर आपल्याला कोण उचलणार ही धास्ती ज्याला आहे त्याला ह्याहून मोठं आमिष दाखवायची गरज नाही. मारामारी होतीच, पण ती ह्या सगळ्याच्या जोरावर. भरीस भर म्हणजे मोहरमच्या मंडळांतून तयार झालेले लाल निशाण अन् पांढरं निशाण असे दोन गट, मलय अन् हिंदुस्थानी मुसलमानांचे. लाल निशाण तोह पे काँगच्या बाजूनं, पांढरं घी हिनच्या. ऑगस्ट 1867 मध्ये हे सगळे रस्त्यावर एकमेकांवर तुटून पडले, कित्येक दिवस शहर बंद होतं.

अन् मधात माझी शेठाणी. तांदळाची, तेलाची व्यापारी, नवरा मेलेला, गोदाम धक्क्याजवळ. शीटवर, म्हणजे कॅरेक्टरची माहिती लिहायच्या कागदावर, तिचं लांबलचक चिनी नाव आहे, ते कोणाच्याच जिभेवर बसत नाही म्हणून सगळे शेठाणी म्हणतात. तिच्याकडून दोघंही माल घेतात अन् दोघांनाही वाटते की ही दुसऱ्याची आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलला उधार खत देणाऱ्या दुकानदाराची जी गत होते, तीच गत, फक्त इथं चाकू आहेत.

आकड्यांत सांगायचं तर तिसऱ्या लेव्हलचा रोग (इंग्रजी rogue, म्हणजे चलाख-लबाड माणूस) क्लास घेतला. जीव म्हणजे हिट पॉइंट फक्त 18. नियमांत जो साधा गुंड दिला आहे त्याचे 32 आहेत अन् तो एका फेरीत दोनदा मारतो. म्हणजे दोन गुंड समोर आले तर शेठाणी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आडवी. आधी मला हे रडगाणं वाटलं, मग लक्षात आलं की हेच पाहिजे होतं. ह्या बाईनं चाकू काढला तर ती आधीच हरलेली आहे. दुप्पट हुशारी मी दोन ठिकाणी लावली, समोरच्याला पटवणं अन् समोरच्याचं मन ओळखणं, म्हणजे फाशावर पडेल त्यात पटवताना 7 मिळवायचे, ओळखताना 6. शस्त्रांची यादी मी अजून वाचलेली नाही.

आता पहिली तक्रार. नियमांत व्यापारी मालाच्या भावांचा एक तक्ता आहे, तो पाहून काकाजी गोदामात मोठ्यानं हसले. गहू पौंडाला 1 तांब्याचं नाणं, गाय 10 सोन्याची नाणी, बैल 15, अन् एक पौंड केशरही 15. ठीक आहे, पण हे भाव कधी हलतच नाहीत! पाऊस लागला तरी तोच, दंगल झाली तरी तोच, जहाज बुडालं तरी तोच. काकाजी म्हणाले हा तक्ता ज्यानं केला त्यानं जन्मात एक क्विंटल कापूस विकला नसेल. आणि कथलाचं त्यात नावच नाही, जेव्हा की पेनांगचा बराच धंदा समोरच्या किनाऱ्यावरच्या लारुतच्या कथलाच्या खाणींवर उभा होता. मग आम्हीच वहीत भावाचा कागद केला, दर बैठकीला गुरुजी दोन फासे टाकतात अन् तांदूळ, कथील, अफू वर-खाली होतात. हा कागद आल्यापासून गेममध्ये जीव आला. कोणी शेठाणी घेणार असेल तर हे आधी करा, नाहीतर तिला करायला कामच उरत नाही.

लारुतचं थोडं सांगते, कारण तिथं ही बाई खरी उघडी पडते. खाणीवर मजुराला तांदूळ, तेल, अफू उधारीवर द्यायचे, चढ्या भावानं, अन् कथील निघालं की त्यातून वळतं करून घ्यायचं. मजूर वर्षभर खणते अन् शेवटी खात्यावर देणंच उरते. घी हिन अन् हाय सान ह्या दोन टोळ्या तिथं 1861 पासून भांडत होत्या, पहिला भडका खाणीच्या पाण्याच्या पाटावरून. हे ऐकल्यावर आमच्या टेबलावर कोणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. मी काय केलं, दोन्ही बाजूंच्या ठेकेदारांना आगाऊ माल दिला अन् सोबत लिंकिंग सुरू केली. तांदूळ पाहिजे ना, मग खारवलेल्या मासळीचं हे पिंपही घ्या, जे माझ्या गोदामात वास मारून राहिलं आहे. ही कला मी कुठं शिकली ते आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको. युरियाच्या गाडीसोबत न खपणाऱ्या बाटल्या आमच्या गळ्यात मारतात, तेव्हा आम्हीही गुपचूप घेतोच. गुरुजी म्हणाले, वहिनी, हे नियमांत नाही. मी म्हटलं, ते कुठंच नियमांत नसते.

आता दंगलीची रात्र. गुरुजींनी टेबलावर खडूनं गल्ल्या काढल्या होत्या, अडथळे म्हणून काडीपेट्या. आधी घी हिनचा माणूस मागच्या दारानं आला, 300 माणसांचा तांदूळ पाहिजे, आत्ता. तो गेला न गेला तोच तोह पे काँगचा पुढच्या दारात, म्हणे त्यांना एक दाणा दिला तर गोदाम पेटवतो. भाचा म्हणाला मामी पळा. पोट्टी म्हणाली एकाला विष घाला. मी दोघांनाही हो म्हटलं. घी हिनला अर्धाच माल दिला, बाकी उद्या, म्हणजे उद्यापर्यंत तरी मी जिवंत राहायला पाहिजे ही त्यांची गरज झाली. अन् दुसऱ्याला सांगितलं की त्यांच्याकडे किती दिवसांचं धान्य उरलं ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही. त्यानं रागानं खातेवही उचलली अन् दिव्यावर धरली. शेठाणी जागची हलली नाही, म्हणाली, "जाळा ना. तुमचं देणं जळेल. पण तुम्हाला कोण कोण देणं लागते तेही ह्यातच लिहिलं आहे, अन् तुमच्याकडे दुसरी प्रत नाही."

गुरुजींनी फासा टाकायला लावला. पडले 4, त्यात 7 मिळवून 11, लागत होते 15. म्हणजे नियमानं हरली. गुरुजी थोडा वेळ चष्मा पुसत बसले अन् म्हणाले, फासा काहीही म्हणो, हा माणूस ही वही जाळणार नाही. मला हे पटलं, भाच्याला पटलं नाही, त्यावर चहा थंड होईस्तोवर वाद चालला. माझं मत असं की नियमांची हीच मोठी उणीव आहे, समोरच्याची नाडी तुमच्या हातात असणं अन् गोड बोलणं ह्या दोन गोष्टी त्यांनी एकाच फाशात कोंबल्या आहेत. शेठाणी गोड बोलत नाही. तिला हिशोब पाठ आहे, बस.

निर्दयी म्हणजे किती, ते भाच्याला विचारा. त्याचं कॅरेक्टर एक नावाडी होतं, त्यानं माझ्याच खात्यावर बोट घेतली होती. दंगलीत बंदरात बोटींचा भाव तिप्पट झाला त्या रात्री मी माझं कर्ज परत मागितलं. तो म्हणाला, मामी, माझी बोट घेता? मी म्हटलं, माझ्या खात्यात आहे ना रे बाबू. बोट घेतली, त्याच्या कुटुंबाला किनाऱ्यावर उभं ठेवलं अन् त्या बोटीनं उरलेला तांदूळ शहराबाहेर काढला. पोट्टं नंतर बरेच दिवस दुकानात येऊन मला मामी म्हणे ना, शेठाणी म्हणे, अन् तेही गिऱ्हाईकांसमोर. म्हणून दुसरी तक्रार, अन् ही गंभीर आहे: हे कॅरेक्टर टेबल खाऊन टाकते. बाकीच्यांनी एकतर हिच्याकडून उधार घ्यायचं नाही, नाहीतर आधीच बोलून घ्यायचं की खेळातलं खेळात. प्रत्यक्षात मी उधारीत असं वागत नाही, गावात राहायचं आहे, पोळ्याला त्याच घरचे बैल दारात येतात.

अफूबद्दलही एक सांगते. त्या वेळी सरकार अफू विकायचा मक्ता लिलावात द्यायचं, मक्तेदारानं दरमहा ठरलेली रक्कम भरायची अन् चोरटी अफू पकडायला स्वतःची माणसं ठेवायची. ती माणसं कुठून येणार, टोळीतूनच. म्हणजे सरकार एका हातानं टोळ्यांवर डोळे वटारणार अन् दुसऱ्या हातानं त्यांच्याच म्होरक्यांकडून महसूल घेणार. रेतीघाटाचे लिलाव पाहिलेल्या माणसाला नवल वाटणार नाही. पण घरी लहान पोरं असतील अन् ती ऐकत बसत असतील तर हा भाग गुरुजींना बदलायला सांगा, आम्ही काही रात्री मीठ म्हणून खेळलो. बदललं की मजा मात्र थोडी कमी होते.

गुरुजींची खरी करामत म्हणजे ते इतिहास सोडत नाहीत. दंगलीची चौकशी बसली, 1869 मध्ये धोकादायक मंडळांचा कायदा आला, नोंदणी करा म्हणे. आम्हाला वाटलं आता टोळ्या संपल्या, तर त्या आरामात नोंदणी करून बसल्या. पूर्ण बंदी 1890 मध्ये लागू झाली. लारुतचं भांडण 20 जानेवारी 1874 ला पांगकोरच्या तहानं मिटलं, अन् हाय सानचा चुंग केंग क्वी अन् घी हिनचा चिन आह याम, जे एकमेकांचे जीव घ्यायला निघाले होते, ते दोघंही कपितान, म्हणजे आपापल्या चिनी लोकांचे सरकारमान्य पुढारी, झाले. तैपिंग शहर एकाच्या लोकांना, कमुंटिंग दुसऱ्याच्या. हे ऐकून काकाजी एवढंच म्हणाले की मेले ते खणणारे.

घ्यावं कोणी? ज्याला हिशोब आवडतो, ज्याला समोरच्याचं तोंड पाहून तो किती दिवस दम धरेल हे कळते, अन् ज्याच्या टेबलावर रुसणारे कमी आहेत त्यानं. चालवणारा माणूस गुरुजींसारखा नसेल तर शेठाणी नुसती कंजूस बाई होऊन बसते. फासे ऑनलाईन स्वस्त मिळतात, नाही मिळाले तर मोबाईलवर ॲप आहे, पण ॲपवर भाच्याचा विश्वास नाही. शीट पेन्सिलनं भरा, उधारीचे आकडे सारखे बदलतात.

सध्या आमचा खेळ 1870 मध्ये आहे. अफूच्या मक्त्याचा लिलाव येऊन राहिला, दोन्ही टोळ्यांनी शेठाणीकडे निरोप धाडला आहे की बोली तुझ्या नावानं लाव, पैसा आमचा. काकाजी म्हणते एकाचा घे. पोट्टी म्हणते कोणाचाच घेऊ नका. मी दोघांचाही घेतला आहे, पावती कोणालाच दिली नाही, अन् पुढच्या बैठकीला भाचा मुद्दाम ड्युटी बदलून येणार आहे, फक्त मला मरताना पाहायला.