स्वनिधी कर्ज आणि नगरपरिषदेची साथ : नाश्त्याच्या गाड्यावरचा वापरानंतरचा अनुभव

पश्चिम महाराष्ट्रातील एका लहान नगरपरिषदेच्या हद्दीत आमचा पोहे, उप्पीट, वडापाव आणि चहाचा गाडा आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना धंद्यासाठी टप्प्याटप्प्याने कर्ज देणाऱ्या पंतप्रधान स्वनिधी योजनेतील पहिले १०,००० रुपयांचे कर्ज वेळेत फेडल्यावर आम्ही दुसऱ्या टप्प्याचे २०,००० रुपये घेतले, त्याला आता बरेच महिने झाले. या योजनेत पैसा बँकेचा आणि व्याजावरचे ७ टक्के अनुदान केंद्र सरकारचे असते. तरीही नगरपरिषदेचे ओळखपत्र, विक्री प्रमाणपत्र किंवा निदान शिफारसपत्र हाती असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्यामुळे कर्जाबद्दल आणि नगरपरिषदेबद्दल वेगवेगळे लिहिणे योग्य वाटते.

कर्जाबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही आणि दुसऱ्या टप्प्याचा हप्ता दीड वर्षाच्या मुदतीत साधारण सव्वाबाराशे रुपयांच्या घरात बसतो. यापूर्वी बाजारातल्या बहुतेकांप्रमाणे आम्हीही रोजच्या वसुलीवर पैसे उचलत होतो. त्यात दहा हजारांतले हजार आधीच कापून नऊ हजार हातात मिळतात आणि रोज शंभर याप्रमाणे शंभर दिवस माणूस गाड्यावर येऊन उभा राहतो. पावसाने धंदा झाला नाही तरी त्याचे शंभर सुटत नाहीत. त्या तुलनेत बँकेचा महिन्याचा हप्ता आणि नियमित फेड केल्यास तिमाहीला खात्यात जमा होणारे अनुदान हा मोठाच दिलासा आहे. या पैशातून आम्ही मोठी शेगडी घेतली आणि तेल सुटे आणण्याऐवजी १५ लिटरचा डबा, पोहे कट्ट्याने घेऊ लागलो. नफ्यातला खरा फरक या घाऊक खरेदीने पडला.

ऑनलाइन पैसे घेतल्याबद्दल योजनेतून विक्रेत्याला मिळणाऱ्या कॅशबॅकची जाहिरात मात्र जरा जास्तच झाली, असे माझे मत आहे. आमच्या कर्जाच्या वेळच्या नियमानुसार किमान २५ रुपयांचाच ऑनलाइन व्यवहार मोजला जात होता आणि महिन्याचे पूर्ण १०० रुपये मिळवायला असे २०० व्यवहार लागत होते. आमच्याकडे निम्मे गिऱ्हाईक एक कटिंग घेऊन दहा रुपये स्कॅन करते. दिवसभर मोबाइल वाजतो, पण त्यातले बरेचसे हिशेबात धरलेच जात नाही. ऑनलाइन विक्रीची नोंद खात्यावर दिसत असल्यामुळे दुसऱ्या कर्जाच्या वेळी बँकेने फार प्रश्न विचारले नाहीत, एवढा उपयोग मात्र निश्चित झाला.

नगरपरिषदेचे काम सुरुवातीला चांगले होते. समुदाय संघटक ताई स्वतः बाजारात फिरल्या, सभागृहात शिबिर घेतले आणि आधारशी मोबाइल जोडलेला नसल्यामुळे अडकलेले अर्ज तिथेच मार्गी लावले. कार्यालयात चार टेबलांवर फिरायला न लावता एकाच ठिकाणी काम होणे, याची किंमत रोज गाडा लावणाऱ्याला कळते. आमचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाचा मालही बुडतो.

अडचण त्यानंतर आली. रस्त्याच्या कामासाठी एसटी स्टँडसमोरचे सर्व गाडे गावाबाहेरच्या बाजूला नव्याने ठरवलेल्या फेरीवाला क्षेत्रात हलवण्यात आले. रस्ता रुंद व्हायला हवा होता, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात स्थलांतरापूर्वी ३० दिवसांची नोटीस देण्याची तरतूद असताना आम्हाला आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून कळवले गेले. नव्या जागेत एकेका गाड्यासाठी आखलेले पट्टे होते, पण दिवा, नळ आणि स्वच्छतागृह यांपैकी काहीच नव्हते. पहाटे पाच वाजता मोबाइलच्या उजेडात कांदा चिरायचा आणि पाण्याचे कॅन रिक्षाने आणायचे, असे कित्येक आठवडे चालले. सकाळच्या पहिल्या गाड्यांचे प्रवासी हेच आमचे मुख्य गिऱ्हाईक, ते तिथपर्यंत येईना. हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जात होता. बाजार फीची पावती फाडणारा ठेकेदाराचा माणूसही नव्या जागी पहिल्याच दिवशी हजर होता, हे नमूद करायला हवे.

याच कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावे लागतात, त्यांत एकतृतीयांश महिला असाव्या लागतात आणि नगरपरिषदेत मुख्याधिकारी समितीचे अध्यक्ष असतात. आमच्या प्रतिनिधींनी बैठकीची मागणी लेखी दिली, तिची पोच घेतली आणि इतिवृत्तात दिवा-पाण्याचा विषय नोंदवून घेतला. त्यानंतर दोन खांबांवर दिवे लागले, एक सार्वजनिक नळ आला आणि घंटागाडीची वेळ दुपारऐवजी नाश्ता आटोपल्यावर अकराची झाली. या तिन्ही गोष्टींचा खर्च नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही एवढा किरकोळ असेल, पण विक्री पुन्हा चढली ती त्यानंतरच. कर्जमेळाव्याच्या फलकावर झाला त्यातला थोडा खर्च आधीच इकडे वळवता आला असता.

आता मुख्य उणीव. आमच्या विक्री प्रमाणपत्रावर नाव, फोटो आणि व्यवसायाचा प्रकार आहे. जागेचा रकाना रिकामा आहे. पट्टा क्रमांक तोंडी दिलेला असल्यामुळे दोन दिवस गावाला जाऊन आल्यावर तिथे दुसराच गाडा दिसण्याची धास्ती असते. दुकानदाराला गाळ्याचा करारनामा जे स्थैर्य देतो, ते आम्हाला त्या एका रकान्यातून मिळू शकते, आणि ते देणे बँकेच्या किंवा दिल्लीच्या नव्हे, नगरपरिषदेच्याच हातात आहे.

नव्याने अर्ज करणाऱ्यांसाठी सांगायचे तर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मंजूर केली असून पहिला टप्पा १५,००० आणि दुसरा २५,००० रुपयांचा झाला आहे. तिसरा ५०,००० रुपयांचाच आहे. रोजच्या वसुलीवर पैसे उचलत असाल तर अर्ज अवश्य करा, आणि प्रमाणपत्र हाती घेताना जागेचा रकाना भरलेला आहे ना, ते खिडकीवरच तपासा. आम्ही तिसऱ्या टप्प्यातून शेडवजा पक्का स्टॉल करणार होतो, पण पट्टा क्रमांक कागदावर येईपर्यंत तो अर्ज भरायचा नाही, असे घरात ठरले आहे.